यमुना खारीची ढोली

माणसाला अजून कुलूप सुचलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या फणसाच्या ढोलीत यमुना नावाची म्हातारी खार राहायची. तिचं सगळं तिची लेक मंजुळा करायची. ढोली मंजुळेलाच द्यायची, हे यमुनेच्या मनात पक्कं होतं. पण "आई, चार शेजाऱ्यांसमोर एकदा सांगून टाक," असं मंजुळेनं म्हटलं, की म्हातारी शेपटी फुगवायची. "का गं, मला पोचवायची घाई झालीय?"

एके दुपारी डोक्यात फणस पडला आणि यमुना मनातलं मनातच घेऊन गेली.

कधी तोंड न दाखवणारे दोन मुलगे तेराव्याला येऊन धाय मोकलून रडले. मग त्यांनी मंजुळेला ढोलीबाहेर काढलं.

"ढोली आईनं मला दिलीय," थोरला म्हणाला.

"मला!" धाकटा किंचाळला.

"आमच्या कानावर काही नाही बुवा," शेजारी म्हणाले.

दोघे फांदीवर एकमेकांच्या शेपट्या उपटत बसले. तेवढ्यात धनेश पक्ष्याची मादी रिकाम्या ढोलीत शिरली आणि चोचीपुरती फट ठेवून आतून चिखलानं ढोलीचं तोंड लिंपून अंडी घालायला बसली.

"ही आमच्या आईची ढोली!" भाऊ ओरडले.

फटीतून चोच बाहेर आली. "असेल. पण आई ती कोणाला देऊन गेली?"

दोघे पुन्हा एकमेकांच्या शेपट्यांवर तुटून पडले.

मंजुळेनं शेजारच्या झाडावर काड्यांचं घरटं बांधलं आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं, "माझ्यामागे हे माझ्या लेकीचं."

लेक घाबरली. "आई, तुला बरं नाही का?"

"ठणठणीत आहे," मंजुळा म्हणाली. "मेल्यावर कुठलं सांगता येतंय?"