बारवेतले हात

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा पारडगव्हाणला वेस नव्हती. तशी ती आजही नाही. आसपासच्या प्रत्येक गावाला दगडी कमान आहे, पारडगव्हाणला नाही, आणि गाव हे छाती फुगवून सांगतं! का सांगतं, तेच तर ऐकायचंय.

गावाच्या पूर्वेला एक बारव होती. चिरेबंदी, खोल, पायऱ्यापायऱ्यांनी धरणीच्या पोटात उतरत जाणारी. ती कुणी बांधली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, की बांधणाऱ्यांनी शेवटी आपलं नाव कोरायला दगड शोधला, तर एकूण एक दगड कामाला लागलेला. मग नाव राहूनच गेलं.

आणि त्या बारवेची एक रीत होती. गावात नवी सून आली, की तिने माप ओलांडण्याआधी बारवेत उतरायचं. भिंतीच्या एका चिऱ्यावर तिच्यासाठी ओल्या चुन्याचा थर दिलेला असायचा. त्यावर तिने उजवा पंजा दाबायचा. चुना वाळला, की हात तिथे कायमचा. पुढे तिचं माहेरचं नाव जायचं, सासरचं कुणी घ्यायचं नाही, अमक्याची आई आणि तमक्याची सून एवढीच ती उरायची. पण हात तिचाच. तो पाटलिणीचा की तेलिणीचा, हे चुन्याला कळत नसे.

हौसा त्याच गावची लेक. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली. आईचं लुगडं उरलं नाही, आवाज आठवणीत राहिला नाही. उरला तो बारवेतला हात. हौसा रोज खाली उतरायची आणि आईच्या पंजात आपला पंजा ठेवायची. आधी तो चिमणीच्या पिलासारखा आत हरवायचा. मग बोटं लांबत गेली. आणि एका संक्रांतीला तिचा हात असा चपखल बसला, की कुठेच फट राहिली नाही. हौसा हरखून ओरडली, आणि बारवही तिच्याबरोबर ओरडली!

पण बारव कोरडी होती. हौसाच्या जन्माच्या कितीतरी आधी तिचं पाणी गेलं होतं. बायका घागरी घेऊन लांब नदीवर जात. आणि हैबतराव पाटलांना वेस हवी होती. शेजारच्या गावाने बांधली होती ना!

चावडीवर जाणती मंडळी जमली.

"कोरडी बारव काय चाटायचीय?" पाटील म्हणाले. "एवढे घडीव चिरे खड्ड्यात पडून आहेत. काढा वर आणि कमान उभी करा."

सगळ्यांनी माना डोलवल्या. माना डोलवायलाच तर तिथे जमत.

"पाटीलबाबा, त्या चिऱ्यांवर हात आहेत," पायरीखालून आवाज आला. हौसा होती.

"ए पोरी, मोठी माणसं बोलतायत."

"सकाळधरून मोठीच बोलतायत! म्हणून तर हे असलं ठरलं."

एक म्हातारा खोकला, दुसऱ्याने पागोटं सारखं केलं. पाटील म्हणाले, "उद्या ऊन वर आलं, की पहारी लावायच्या." आणि बैठक उठली.

हौसा तिथून जी धावत सुटली, ती दारोदार गेली. ना ती रडली, ना पाया पडली. प्रत्येक दारात एकच बोलली, "तुमचा हात उद्या छिन्नीने तासणार आहेत. बघायला येताय का?" असं म्हणतात, की त्या संध्याकाळी गावात एकाही चुलीवरची भाकरी नीट भाजली नाही.

सकाळी गडी पहारी घेऊन बारवेच्या काठावर आले आणि थबकले. आत बायकाच बायका! पायरीपायरीवर, भिंतीला लागून. प्रत्येकीने आपापला चिरा शोधून काढला होता आणि आपापल्या हातावर हात ठेवला होता. ज्या हयात नव्हत्या, त्यांच्या हातांवर त्यांच्या लेकीसुनांचे हात होते. हौसा तळाशी होती, आईपाशी.

खंडू सगळ्यांत पुढे होता. त्याने पहार उचलली. गावातली सगळ्यांत म्हातारी गोजरआजी त्याच्याच समोर बसलेली.

"मार की," ती म्हणाली. "फक्त या चिऱ्यावरच्या पंजाची करंगळी बघून घे आधी. वाकडी आहे ना? विळ्याने कापलेली. त्याच हाताने तुला भरवायची तुझी आई."

खंडूने पहार खाली ठेवली. मग त्याच्या मागच्यानेही ठेवली.

"अरे, काय बायकांना भिता?" पाटील गरजले. तेवढ्यात त्यांच्या बाजूनेच कुणीतरी तरातरा पायऱ्या उतरलं. पाटलीणबाई!

"तुम्हीसुद्धा?"

"मग? मी काय आभाळातून पडले? मीही या गावात सून होऊनच आले."

त्यांनीही आपला हात शोधला आणि त्यावर हात टेकला. बारवेत अशी शांतता पसरली, की भिंतीतली मुंगी ऐकू यावी. आणि त्या शांततेत हौसाच्या तळव्याला काहीतरी लागलं. भिंत थरथरत होती. अगदी बारीक, मनगटातल्या नाडीसारखी.

"आत पाणी आहे!" हौसा ओरडली. "पाणी वाहतंय मागे!"

"असणारच," गोजरआजी शांतपणे म्हणाली. "पूर्वी इथे भोकं होती. त्यातून पाणी झरायचं. जाणते म्हणाले, भिंत रडते, हे गावाला अशुभ. म्हणून त्यांनी गूळ-चुना घोटून भोकं बुजवली. चांगली पक्की. मग बारव आटली, तर म्हणाले, देवाची मर्जी."

"आणि आजी, तू इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"मला कुणी विचारलं गं?"

हौसाने कपाळावर हात मारला. मग ती भिंत चाचपत सुटली. आईच्या हाताखालीच, तळाच्या चिऱ्याच्या सांध्यात, पांढरा गोल डाग सापडला. तिने खंडूची पहार मागून घेतली आणि डागाभोवती घाव घालत राहिली. बूच हललं. पहार फेकून तिने मूठ आत घातली, सगळा जीव एकवटून ते ओढलं, आणि पाण्याने तिला उचलून पलीकडच्या पायरीवर नेऊन टाकलं!

असं म्हणतात, की त्या क्षणी भिंतीवरचे सगळे हात एकदम ओले झाले, अगदी वरच्या पायरीवरचेसुद्धा, जिथे पाणी पोचायला अजून अवकाश होता. असं म्हणतात, की नदीवर गेलेल्या घागरी वाटेतच रिकाम्या झाल्या आणि हसत माघारी आल्या. पाटील काठावरून कधी खाली उतरले कुणास ठाऊक, ते गुडघाभर पाण्यात उभे होते आणि पागोटं वाहून चाललंय हे त्यांना कळलंही नव्हतं.

पुढे त्यांनी तिथे आपल्या नावाची शिळा बसवायची म्हटलं. हौसा म्हणाली, "नाव नको, पाटीलबाबा. चुना मळायला या." आणि ते आले!

तेव्हापासून हौसाची मंडळी सुरू झाली, ती आजतागायत. आता तिची रीतसर नोंदणी आहे, पाटी आहे, शिक्का आहे. नफा नाही, पगार नाही. कुठल्या गावची बारव बुजली, दीपमाळ कलली, पार ढासळला, की बोलावणं येतं आणि मंडळी घमेली घेऊन निघते. दर संक्रांतीला पारडगव्हाणात घरटी एक टोपली चुना येतो, सगळं गाव मिळून तो मळतं, बारवेचे सांधे भरतं आणि भोकं मोकळी ठेवतं. कुणी सिमेंटचं नाव काढलं, तर त्याला आधी घागर देऊन नदीवर पाठवतात.

आणि मंडळीची बैठक भरली, की सगळ्यांत धाकटी आधी बोलते. जाणत्यांनी शेवटी. पहिल्यांदा हे बघणारे पाहुणे गोंधळतात.

भिंतीवर हौसाचा हात मात्र नाही. ती गावची लेक, सून नव्हे, तिच्यासाठी कुणी चुना लावलाच नव्हता. पण संक्रांतीला गावातल्या लेकी तळाशी उतरतात आणि झऱ्याच्या तोंडात एकेक करून मूठ घालतात. ते भोक बरोबर एका मुठीएवढं आहे. आत पाणी थंडगार असतं, आणि ते आपल्याला बाहेर ढकलतं.