घंटेच्या वेळची बरोबरी

“...पण बरोबरीत पाप काय आहे, लोलो?”

लोलो हासिंतो शेंगा सोलत होते. फिलिपिन्समध्ये आजोबांना लोलो म्हणतात. हासिंतो मात्र अख्ख्या सान अनिसेतो गावाचे लोलो, कारण त्यांच्याकडून बुद्धिबळात मात न खाल्लेलं घर गावात शोधून सापडलं नसतं.

“मी विचारलं, पाप काय आहे?”

“ऐकलं.” त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला. “पुढे?”

विचारणारा होता रोमुलो दिमाकुलांगान, ग्रँडमास्टर. चर्चसमोरच्या याच आंब्याखाली तो लोलोंकडून घोड्याची चाल शिकला आणि त्याच घोड्यावर बसून जगभर हिंडून आला. गावात त्याच्याबद्दल काय काय सांगत! नॉर्वेतला एक उस्ताद म्हणे त्याच्या एका चालीवर इतका विचार करत बसला की उठला तेव्हा त्याला दाढी आली होती. बुडापेस्टला तर रोमुलोचा उंट नुसता दिसला तरी समोरचं प्यादं आपणहून मागे सरकायचं. प्याद्याला मागे सरकता येत नाही, हे सान अनिसेतोमध्ये कुणी मनावर घेत नसे.

“उद्या राष्ट्रीय स्पर्धेचा शेवटचा डाव,” रोमुलो म्हणाला. “समोर लिगाया. कालची पोरगी. मला अर्धा गुण मिळाला की अजिंक्यपद माझं, आणि ऑलिंपियाडच्या संघात पहिल्या पटाची मानाची जागाही माझी. तिच्या प्रशिक्षकानं विचारलंय, चार चाली खेळू, हात मिळवू, घरी जाऊ. तिलाही संघात जागा मिळते. सगळेच खूश.”

“आणि नाही म्हणालास तर?”

“तर खेळावं लागेल.” तो थांबला. “हरलो तर जागा गेली. या वयात ती परत मिळत नाही, लोलो.”

“मग हो म्हण. माझ्याकडे कशाला आलास?”

“...तुम्ही हो म्हणावं म्हणून.”

लोलोंनी टरफलं फुंकली.

“शेवटचा हरलास कधी?”

“आठवत नाही.” रोमुलो जरा ताठ बसला.

“आणि जिंकलास?”

तेही आठवेना. आठवत होत्या त्या नुसत्या बरोबऱ्या.

“पट मांड,” लोलो म्हणाले.

रोमुलोनं पट मांडला. म्हाताऱ्याला वाईट वाटू नये इतपत खेळायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण लोलोंनी एक प्यादं असं आगाऊपणे पुढे सारलं की त्याचा हात शिवशिवला. त्यानं घोडा उडवला. मग हत्ती. मग पुन्हा घोडा. बघता बघता लोलोंचा राजा कोपऱ्यात सापडला, लपाछपीत पडद्याखालून पाय दिसणाऱ्या पोरासारखा.

रोमुलोचे कान तापले. खूप दिवसांनी त्याला आजूबाजूचं काही ऐकू येईनासं झालं.

तेवढ्यात पटावरून लोलोंचा उजवा हात पुढे आला.

“मान्य!” रोमुलो म्हणाला. हात झटक्यात धरून त्यानं दोनदा हलवला आणि दुसऱ्या हातानं घड्याळ थांबवलं. घड्याळ नव्हतंच. लोलोंचा कॉफीचा मग मात्र आडवा झाला.

रोमुलोनं मान वर केली. आंब्याखालचे सगळे खेळणारे उभे होते, टोप्या काढून. चर्चची संध्याकाळची घंटा नुकतीच थांबली होती. या घंटेला गाव हातातलं काम सोडून प्रार्थना करतं. मग थोरांनी हात पुढे करायचा आणि धाकट्यांनी तो आपल्या कपाळाला लावायचा. तिथली रांगती पोरंसुद्धा हे चुकत नाहीत.

“आशीर्वादाशी बरोबरी!” शेजारच्या बाकावरून म्हातारा तिबुर्सिओ खिंकाळला. “अरे, हे तर पोपलाही जमलं नाही!”

“लोलो... माझं लक्ष नव्हतं...” रोमुलोनं घाईघाईनं कपाळ पुढे केलं.

लोलोंनी हात मागे घेतला. “एकदा दिला.”

रोमुलोनं पटाकडे पाहिलं. पुढच्याच चालीला वजिराचा शह, राजाला एकच घर, आणि त्या घरावर घोडा टपलेला.

“मी जिंकत होतो.”

“होतास.”

“मग चालू ठेवू या ना!”

“बरोबरी झाली.”

“पण तुम्ही मागितलीच नव्हती!”

“तू दिलीस.”

आणि लोलोंनी मोहरे बिस्किटांच्या डब्यात लोटले. डाव खळखळ करत गेला.

इतक्या बरोबऱ्या झाल्या, पण डाव अर्धा राहिल्याचं रोमुलोला असं कधी लागलं नव्हतं. खिशातला फोन वाजला, लिगायाच्या प्रशिक्षकाचाच होता. त्यानं तो बराच वेळ वाजू दिला.

“हॅलो... नाही. तसं नाही जमणार. उद्या खेळू.”

लोलोंनी नवी शेंग फोडली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा डाव इतका लांबला की पंच दोनदा पेंगले, असं तिबुर्सिओ सांगतो. त्याचं निम्मं सोडून द्या. पण एवढं खरं की मध्येच लिगायानं बरोबरी विचारली, आणि रोमुलो मोहरे न्याहाळण्यात इतका गढला होता की पंचांना ती पुन्हा विचारावी लागली. त्यानं मान हलवून नाही म्हटलं आणि हत्ती पुढे केला.

शेवटी राजा आडवा झाला. रोमुलोचा.

सकाळच्या जीपनी गाडीतून उतरून तो थेट लोलोंच्या अंगणात आला. लोलो कोंबड्यांना मका टाकत होते.

“हरलो, लोलो.”

“जागा?”

“गेली. पहिला पट लिगायाला मिळाला.”

“आणि डाव?”

रोमुलो इस्त्रीच्या पँटसकट धुळीत गुडघ्यांवर बसला आणि बोटानं चौकटी ओढू लागला.

“हा माझा हत्ती. इथे मी वजीर घेतला. घ्यायला नको होता... नाही, नाही, घ्यायलाच हवा होता! पण त्यावर तिनं काय केलं बघा, लोलो... ही पोरगी, काय सांगू... हे प्यादं! साधं प्यादं! मला दिसलंच नाही!”

त्याच्या नाकाला धूळ लागली होती. त्याला पत्ता नव्हता.

तेवढ्यात एक तांबडी कोंबडी ऐटीत चालत आली, वजिराच्या घरातून सरळ त्याच्या राजाच्या घरात जाऊन उभी राहिली आणि मान तिरकी करून त्याच्याकडे बघू लागली.

रोमुलोनं तिला हाकलायला हात उचलला.

लोलोंनी त्याचं मनगट धरलं.

“थांब... चाल तिची आहे.”