चाळीस पावलांचा बांध

एका चिमुकल्या राज्याच्या दरबारात भांडण अगदी हातघाईवर आलं होतं. प्रधान म्हणत होता, पाच वर्षं थांबा, त्यांना आधी आपली भाषा येऊ दे, आपले सणवार कळू देत, मग बघू. सेनापतीचं म्हणणं, पाच कशाला, दहा थांबा. कोठीवाला कपाळाला हात लावून सांगत होता की वर्ष झालं, ही माणसं नुसती बसून खातायत. राजा बिचारा एकदा याच्याकडे बघून मान हलवी, एकदा त्याच्याकडे.

भांडण होतं होड्यांतून आलेल्या माणसांना आपल्यात घ्यायचं की नाही यावरून. पलीकडच्या बेटावर लढाई पेटली, तेव्हा साठ घरांची माणसं जीव मुठीत धरून इथल्या किनाऱ्याला लागली होती. राज्य ते केवढं, खाडी आणि डोंगर यांच्या मधली भातखाचरं! पण मन मोठं. राजानं त्यांना बांधाबाहेरच्या वाळूवर झोपड्या घालून दिल्या, रोज भात-कालवण धाडलं. आणि तिथली रीतच अशी, की पाहुण्यानं इकडची काडी तिकडे करायची नाही. त्यांच्यातल्या कुणी टोपली उचलली, की लोक ती हातातून काढून घेत. राहू द्या हो, तुम्ही पाहुणे.

आता त्याच लोकांना ते बसून खाणारे वाटायला लागले होते.

त्या राज्याचा जीव होता बांधात. समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध घातलेला, आणि घराघराला त्याचा एकेक तुकडा राखायला दिलेला. ज्याच्याकडे बांध, त्याला मागचं खाचर आणि बैठकीत बसायला जागा. बांधात एक लाकडी दार होतं. त्याला म्हणायचे उघाडी. ओहोटीला उघडायची, भरतीला मिटायची. ती राखायची एक म्हातारी. तिला दरबारात कुणी बोलावलं नव्हतं. ती चिखलाच्या पायांनी आपली आपण आली.

"हात तुम्हीच बांधून ठेवलेत," ती प्रधानाला म्हणाली, "आणि रिकामे दिसतात म्हणून बोंबलताय पण तुम्हीच."

"आजीबाई, त्यांना आपली भाषा येत नाही."

"चिखल, टोपली, पाणी आलं. बांधावर एवढी भाषा पुरते. बाकीची माझ्या शिव्या खाता खाता शिकतील."

राजासुद्धा हसला. म्हातारीनं पाहुण्यांसाठी मागितला बांधाचा चाळीस पावलांचा तुकडा. तो राखणारं घराणं कधीच संपलं होतं. त्या तुकड्याला वाली नव्हता, आणि दर उधाणाला तो पाझरायचा. राजानं सांगितलं, अमावास्येच्या उधाणात हा तुकडा टिकला तर पाहुणे बांधाच्या आत येतील. फुटला तर वाळूवरच राहतील.

होडीवाल्यांतली एक बाई पुढारी झाली. तिनं चिखलाच्या थरात लव्हाळ्याच्या चटया घालायला घेतल्या. म्हातारी कडाडली, बांध घालताय का गादी? बाईला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिनं हसून चटई म्हातारीच्या हातात दिली आणि ओढून बघ अशी खूण केली. म्हातारीनं पाय रोवून ओढली. फाटेना. म्हातारी गप्प झाली, आणि असं त्या राज्यात कैक वर्षांत झालं नव्हतं. मग चिखल टाचांनी कसा तुडवून बसवायचा ते तिनं त्यांना शिकवलं.

अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. चाळीस पावलांतून थेंब आत आला नाही. पण त्याला लागून असलेला तुकडा खचायला लागला. तो होता खुद्द प्रधानाचा. महिनाभर भांडण्यात बांधाकडे बघायला त्याला वेळ कुठे होता? प्रधान कमरेइतक्या पाण्यात उभा राहून हाका मारत होता. होडीवाले चटया घेऊन धावले, आणि भरती ओसरेपर्यंत बांधाला पाठी लावून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात प्रधानानं त्या बाईला विचारलं, "बांध माझा होता. तुमचं काय जात होतं?"

ती शब्द जुळवत म्हणाली, "तुझा गेला, तर माझा पण जातो."

प्रधानाला अरे-तुरे केलेलं ऐकून दरबारी एकमेकांकडे बघायला लागले. प्रधान मात्र चिडला नाही. म्हणाला, आत येऊ देत, माझं काही म्हणणं नाही. पण पाहुण्यांना कामाला लावलं, आपली रीत मोडली, ते कसं?

त्यावर म्हातारी एकच वाक्य बोलली आणि भांडण मिटलं. साठही घरांना बांध मिळाला, खाचर मिळालं, बैठकीत जागा मिळाली. आता तिथे सगळ्याच बांधांत चटया असतात, आणि होडीवाल्यांची पोरं म्हातारीच्या शिव्या तिच्यापेक्षा झणझणीत देतात.

तात्पर्य म्हणून म्हातारीचं तेच वाक्य पुरे: "नुसतं पान वाढत राहाल तर माणूस जन्मभर पाहुणाच राहील, प्रधानजी, घरचा करायचा असेल तर त्याच्या हाती घरचं फावडं द्या."