हाकेचा कातळ

आंबेरीच्या अनाथ मुलांच्या बालघराला पाहुणे आले, की गावचे दाजी गुरव त्यांना आधी मागच्या कातळावर नेतात. कातळाच्या माथ्यावर शेजारी-शेजारी दोन खळगे आहेत, एक परातीएवढा, एक ताटलीएवढा. पाथरवटाची छिन्नी इथे कधी लागलेली नाही, असे दाजी सांगतात. हे खळगे रुसून बसल्याने पडले आहेत.

फार वर्षांपूर्वी पंचक्रोशीत पटकीची साथ आली. घरेच्या घरे ओस पडली. तेव्हा आवडा नावाच्या एकट्या बाईने मागे राहिलेली पोरे आपल्या घरी आणली. बाई मनाने लोणी, पण आवाज असा, की तिने अंगणातून हाक मारली तर खाडीपलीकडची गुरेसुद्धा घराकडे वळत म्हणे. येणाऱ्या प्रत्येक पोराला तिची एकच अट असे : मला आई म्हणायचं. पोरे म्हणत, आणि बाईला त्या हाकेची चटकच लागली.

मग ठकी आली. हाडकुळी, नाकाच्या शेंड्यावर राग.

"आई म्हण," आवडा म्हणाली.

"नाही. माझी आई आहे."

"कुठे आहे?"

"मेली. पण आहे."

आवडाचे डोके फिरले. "मग म्हणेपर्यंत जेवायला मिळणार नाही!" ती बोलून गेली. ठकी तडक कातळावर चढली. 'आई'ऐवजी दुसरी हाक मिळेपर्यंत उतरणार नाही, अशी तिने ग्रामदेवाची शपथ घेतली आणि पाठ फिरवून बसली.

भूक लागली की येईल, असे आवडाला वाटले. ऊन चढले, पोरगी हलेना. आवडाच्याही घशाखाली घास उतरेना. तिने घावणे पाठवले, ते कावळ्यांनी नेले. खरवस पाठवला, तो नेणाऱ्यानेच वाटेत संपवला. शेवटी दाजींच्या पणजोबांना बोलावून देवाला कौल लावला. देवाने एकदा उजवे फूल देऊन हो म्हटले, एकदा डावे देऊन नाही. "दोन बायकांच्या भांडणात देव कशाला पडेल?" दाजी विचारतात.

कातळ तापला. पोरीचे ओठ सुकलेले खालूनही दिसू लागले. साथीत असे ओठ आवडाने फार पाहिले होते. पाण्याचा तांब्या घेऊन ती धापा टाकत वर गेली. ठकीने पाणी घेतले, पण जागा सोडली नाही.

"उतर, नाहीतर मीही इथेच बसेन!"

"बस."

शब्द गेला होता. आवडा बसली. तिने तोंड दुसरीकडे फिरवले. पहिल्या घटकेला ठकीला उतरवायला ती रुसली होती, पण नंतर तिला खरोखरच रुसवा आला, असे सांगतात. इतक्या पोरांचे रुसवे काढले, आपला कोणी काढला होता?

इकडे खाली पोरांनी चूल ताब्यात घेतली. कौलांतून काळा धूर निघाला. कोणीतरी भाताचे भांडे डोक्यात अडकवून अंगणभर धावत होते.

"पोरी, घर पेटेल गं!"

"मग हाकेचं काय ते सांग."

आवडा हळूच म्हणाली, "आई हा शब्द तिचा. तो तिलाच ठेव. मला तू काय म्हणशील?"

ठकीने तिला नखशिखांत न्याहाळले.

"तोफ."

आवडा म्हणाली, "ओ." आणि दोघी उतरल्या.

ठकी त्याच घरात वाढली, शहाणी झाली. लग्न होऊन सासरी निघताना तिने "तोफेऽऽ" म्हणून असा हंबरडा फोडला, की आता बार उडणार या भीतीने निम्मे वऱ्हाड मळ्यात पळाले म्हणे.

आजही बालघरात नवे मूल आले, की त्याला कातळावर बसवतात. ते वरून हाक मारील त्या नावाला घरच्या बाईने ओ द्यायची. बालघरात आता अनेक घरे आहेत; एका घरची बाई हवालदार आहे, दुसऱ्या घरची भोपळी. एखादे मूल वर बसताक्षणी 'आई' म्हणते. तेव्हा बाई लगेच ओ देत नाही. कातळ चढून त्याच्याजवळ जाते आणि हलकेच विचारते, "हा शब्द मोकळा आहे ना रे बाळा?"