त्या हाताला कुणी टोचलं?

फार पूर्वी चिमण्यांची एक रीत होती. जिला माणसाचा हात लागला, तिला टोचून थव्याबाहेर काढायचे.

भुरी नावाच्या चिमणीला एका माणसाने दाणे टाकून टोपलीखाली पकडले. त्याच्या मुठीतून ती कशीबशी सुटली आणि बाभळीवर परतली. घरट्यात पिल्ले भुकेने ओरडत होती, पण तिला कुणी तिकडे जाऊ देईना.

"वास येतो गं तुझ्या अंगाला," शेजारीण म्हणाली. "दाण्यांपाशी गेलीसच कशाला?"

"आपण सगळ्या रोज तिथेच जातो," भुरी म्हणाली. चोची जवळ येत होत्या.

तेवढ्यात थव्यातली सर्वांत म्हातारी जिवी मध्ये आली. "आधी मला टोचा. तरुणपणी मीही त्या मुठीत होते. तुमच्या भीतीने बोलले नाही."

मग वरच्या फांदीवरची एक हळूच म्हणाली, "मलाही धरलं होतं."

भुरीने विचारले, "मग त्या हाताला आजवर कुणी टोचलं?"

शेजारीण बाजूला सरकली आणि भुरी पिल्लांकडे गेली.

सकाळी तो हात पुन्हा टोपली मांडू लागला. तेव्हा सगळा थवा एकदम त्याच्यावर उतरला. दाण्यांना मात्र कुणी चोच लावली नाही.