तिसऱ्या कुंडाचं पाणी

“पण पाणी खाली पोहोचतं की नाही, महाराज? एवढंच सांगा.”

विद्याधर हावळचा आवाज चढला होता. सरकारचा अर्थसल्लागार तो. समोरच्याला बोलू न देण्याची सवय जुनी.

गिरीमहाराज मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“नाही कोण म्हणतं?”

“मग मला झोप का लागत नाही?”

महाराज शेंगा सोलत राहिले…

विद्याधर याच मठात वाढला. कोष्टी गल्लीतलं पोरकं पोर. महाराजांनी जवळ केलं, शिकवलं. पुढे तो परदेशी जाऊन आला आणि जन्मभर एकच गोष्ट सांगत राहिला. वरच्यांना मोकळीक द्या, त्यांचे कर माफ करा. ते कारखाने काढतील, माल वाढेल, खालच्यांचं आपोआप भलं होईल. ‘आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?’ असं तो म्हणाला की टाळ्या ठरलेल्या.

दाखला मात्र तो मठातल्या कुंडांचा द्यायचा. डोंगरातला झरा पहिल्या कुंडात पडतो, ते भरलं की पाणी दुसऱ्यात जातं, ते भरलं की तिसऱ्यात. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर निदान उंट तरी घरचा असावा!

त्याच्या सल्ल्यानं मोठ्या गिरण्यांचा कर गेला. त्याच सल्ल्यानं हातमागवाल्यांना सरकारकडून मिळणारं स्वस्त सूतही गेलं. आता नव्या सरकारनं त्याला पुन्हा बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी पहिली बैठक होती, आणि सल्ला तोच द्यायचा होता. तो आशीर्वाद घ्यायला आला होता.

“येताना गल्लीत थांबलो,” विद्याधर म्हणाला. आवाज एकदम खाली आला. “एकही माग वाजत नव्हता.”

“हं.”

“शेजारची गंगूआक्का भेटली. तिनं माग फोडून सरपणाला घातला.”

“शिव्या दिल्या असतील.”

“दिल्या असत्या तर बरं झालं असतं…”

महाराजांनी आता वर पाहिलं.

“पदरानं खुर्ची पुसून दिली. म्हणाली, ‘तू येवढा शिकलास बाबा, तुजं बरूबरच असंल. आमचंच नशीब फुटकं.’”

एवढं बोलून विद्याधरनं तोंड फिरवलं. त्याला महाराजांकडे बघवेना.

“चल,” महाराज उठले.

पहिलं कुंड काठोकाठ भरलं होतं. गोमुखातून पाणी खळखळत खाली पडत होतं. विद्याधरचा चेहरा जरा उजळला.

“बघा. अडलंय कुठं?”

महाराजांनी कुंडावरचा तांब्या उचलला आणि ते पायऱ्या उतरू लागले.

“महाराज, तांब्या! पिण्याच्या कुंडाचा तांब्या खाली नेत नाहीत. त्यापायी तुम्हीच मला एकदा उपाशी ठेवलं होतं.”

“ठेवलं होतं खरं.”

ते उतरतच राहिले. दुसऱ्या कुंडावर बाया भांडी घासत होत्या, धुणं आपटत होत्या. महाराज तिथेही थांबले नाहीत. तिसरं कुंड गुराढोरांचं. एक म्हैस नुकतीच तोंड घालून गेली होती. महाराजांनी वाकून तांब्या बुडवला आणि विद्याधरपुढे धरला.

“घे.”

वर साबणाचा फेस होता. त्याखाली राख, खरकटं, तेलाचा तवंग.

“महाराज… हे पिण्याचं नाही.”

“पण पोहोचलं ना?”

विद्याधर तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. याच पाण्याचा दाखला देऊन त्यानं टाळ्या घेतल्या होत्या, आणि या कुंडाशी तो कधी वाकलासुद्धा नव्हता. त्याचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

मग त्यानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि एकदम ओठांशी नेला.

महाराजांनी त्याचं मनगट पकडलं.

“नको.”

“पिऊ द्या, महाराज. मला प्यायलाच हवं.”

“तू हे प्यायलास तर आज तुला झोप लागेल.”

विद्याधर पायरीवर बसला. वरून पाणी पडत होतं…

“मग मी उद्या काय करू?”

“त्या बैठकीत प्यायला पाणी ठेवतात का रे?”

“ठेवतात. प्रत्येकापुढे बंद बाटली.”

महाराजांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. तांब्याच्या तोंडाला ते घट्ट बांधलं आणि तांब्या त्याच्या मांडीवर ठेवला.

“जपून ने, सांडू नकोस. उद्या बैठकीत कुणाला तरी तहान लागेल.”