ओली भिंत

"हा लाल बरोबर वाटतो की तो, भन्ते?"

सुगत डोंगरेने हॉलच्या भिंतीकडे बोट केलं. अर्धी भिंत वाळलेली, अर्धी ओली. दोन्हीकडे गडद लालच. एक जरा विटकरी, दुसरा जांभळटपणाकडे झुकणारा.

भन्ते सुमेध दारात चपला काढत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं.

"मला दोन्ही सारखेच दिसतात."

सुगतला ते झोंबलं. लोकांची घरं सजवण्यात नागपुरात त्याचं नाव होतं. इतका गडद लाल अंगावर येऊ न देता खोलीत कसा मुरवायचा, हे आपल्याएवढं कुणाला कळत नाही, असं तो मानायचा आणि बोलूनही दाखवायचा. स्वतःच्या घरात मात्र काही केल्या जमेना. सकाळी खुललेला रंग दिवे लागले की काळवंडायचा. मग पुन्हा खरवडणं, पुन्हा पुट्टी, पुन्हा रंग. विहारात ध्यानाला बसला तरी मिटल्या डोळ्यांपुढे भिंतच उभी राहायची. शेवटी तो आपल्या गुरूंनाच घरी घेऊन आला होता.

सोफ्यावर प्लास्टिक पसरलेलं. भन्ते खालीच बसले.

"निरुपमा कुठे आहे?"

"माहेरी, भंडाऱ्याला. बाळंतपणाला गेली होती ना... मुलगी झाली."

"ते कळलं होतं मला. त्याला बरेच दिवस झाले."

"हॉल झाला की आणणारच आहे. लेक पहिल्यांदा घरात येणार, भन्ते. घर कसं देखणं हवं."

सुगत बसला नाही. त्याने पडदा सरकवला, पुन्हा ओढला. दिवा लावला, मालवला. पुन्हा लावला.

फोन वाजला. हात रंगाने भरलेले, म्हणून त्याने तो कोपरानेच स्पीकरवर टाकला.

"अरे, पालथी पडली आज!" निरुपमा हसत होती. "आपली आपणच. येतोस बघायला?"

"थोडं थांब गं. अजून एक हात मारायचाय."



"मागेही हेच म्हणाला होतास," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सुगत ब्रश शोधू लागला.

"रंगाच्या वासाने बाळाला त्रास होईल, अशी काळजी वाटते का?" भन्तेंनी विचारलं.

"छे, बिनवासाचा आहे. मुद्दाम आणलाय, तिच्यासाठी."

"मग?"

"मग... भिंत नीट नाही अजून."

"लेकीला घेतलंस कधी?"

सुगतचा हात ब्रशवरच थांबला.

"दवाखान्यात, एकदा. लगेच परत दिली." तो भिंतीकडे बघतच बोलत होता. "एवढीशी होती, भन्ते. माझ्या हातात रडायलाच लागली. धरायचं कसं तेच कळेना... सुटली असती तर?"



सुगतने घाईघाईने ब्रश डब्यात बुडवला. तेवढ्यात भन्ते उठले, भिंतीपाशी गेले, आणि ओल्या रंगावर अख्खा तळवा टेकवून तो खालपर्यंत ओढत नेला.

"भन्ते!" सुगत ओरडलाच. "काय केलंत हे? बिघडली ना सगळी!"

भन्तेंनी खाली पडलेलं फडकं उचललं आणि शांतपणे हात पुसला.

"हो, बिघडली. आता लेकीला घेऊन ये."